‘पावती नावावर करून देतो’ म्हणाला आणि आईची खोली गेली

लालबागच्या चाळीतली आमची खोली पागडीची, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेली, बाबांच्या नावावरची. १९८२ च्या संपात बाबांची गिरणीतली नोकरी गेली, खोली तेवढी राहिली. ते वारल्यावरही भाडेपावती त्यांच्याच नावाने येत होती. गिरणगावात असं घरोघरी आहे, आणि फसवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तसा वस्तीतलाच एक माणूस आईकडे येऊ लागला. “काकी, म्हाडाच्या यादीत नाव यायचं तर पावती तुमच्या नावावर पाहिजे. मालकाशी मी बोलतो.” त्यासाठी त्याने पैसे घेतले आणि नोटरीकडे नेऊन स्टॅम्प पेपरवर तिची सही घेतली. कागद इंग्रजीत होता, तिला कोणी वाचून दाखवला नाही. भाडेहक्क रोख रकमेच्या मोबदल्यात एका तिऱ्हाईताला दिला, असं त्यात लिहिलं होतं. ती रक्कम आईने कधी पाहिलीसुद्धा नाही.

मग इमारत ‘सी-वन’ म्हणजे अतिधोकादायक ठरली आणि खोल्या रिकाम्या झाल्या. बिल्डर देत होता तेवढ्या भाड्यात लालबागमध्ये खोली मिळेना, म्हणून आई नालासोपाऱ्याला गेली. परळच्या ऑफिसांना ती पोळीभाजीचे डबे देत असे, ते बंद पडले. काही महिन्यांनी भाड्याचे चेकही थांबले. विचारायला गेलो तेव्हा कळलं, भाडेकरूंच्या यादीत आमच्या खोलीसमोर त्या तिऱ्हाईताचं नाव आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीतल्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मालकी हक्काने, फुकट मिळतं. आज लालबागमध्ये त्याची किंमत कोटीच्या घरात जाते. जिने आयुष्यभर सार्वजनिक नळावर पाणी भरलं तिच्या हातून हे घर काढून घेणं मला चोरीपेक्षा वाईट वाटतं.

आणि या दलालाची गरजच नव्हती. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला तो हक्क मिळतो, हे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातच आहे. पोलिसांत तक्रार केली आहे, लघुवाद न्यायालयात दावा चालू आहे. जुन्या पावत्या, रेशनकार्ड, विजेची बिलं आईने जपून ठेवली होती म्हणून निदान उभं राहता आलं.

घर खरंच मिळणार असलं तरी नोंदणीकृत वैयक्तिक करारनामा हातात आल्याशिवाय खोली सोडू नका. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांच्या सोसायटीचा बिल्डरशी करार २००८ मध्ये झाला होता, तरी त्यांनी किती वर्षं भाड्याच्या घरात काढली ते सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांची पावती अजून वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांनी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडून भाडेकरूंच्या यादीची प्रत स्वतः मागून घ्या आणि आपल्या खोलीसमोर कोणाचं नाव आहे ते बघा.