लिफ्टचा एएमसी: साधा घ्यावा की फुल?

म्हाडाने इमारत सोसायटीच्या नावे करून दिली आणि जमीन भाडेपट्ट्याने दिली, की गच्ची, पंप, टाक्या यांच्याबरोबर लिफ्टही रहिवाशांच्या गळ्यात येते. बाकी कामं गल्लीतला प्लंबर-वायरमन उरकतो. लिफ्टला मात्र वर्षाचा देखभाल-करार, म्हणजे एएमसी, लागतो, आणि सभेत वाद हमखास एकच होतो: साधा की फुल. साध्यात महिन्याची सर्व्हिस मिळते आणि बिघाड झाला की माणूस येतो, सुट्या भागांचं बिल वेगळं. फुलमध्ये भागही कंपनीचे.

उदाहरणापुरते आकडे धरू. साधा 30,000, फुल 65,000, दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. वर्षाला 41,300 चा फरक पडतो. 28 घरांत वाटला तर घरटी महिना 123 रुपये. सोसायट्यांच्या नियमावलीप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सदस्यांवर सारखा, लिफ्ट वापरा नाहीतर नका वापरू. त्यामुळे सभेत तळमजल्याचा आवाज सगळ्यात मोठा लागतो आणि बरेचदा साधाच मंजूर होतो.

तसा साधा वाईट नाही. लिफ्ट नवीन असेल तर पहिली काही वर्षं तोच पुरतो. बंद पडण्याची कारणं बहुतेक दाराचीच: लॉकचा काँटॅक्ट काळा पडणं, रोलर झिजणं, खालच्या खाचेत कचरा अडकणं. ही कामं स्वस्तातली.

अडतं ते लिफ्ट जुनी झाल्यावर, आणि पैशांपेक्षा मंजुरीपाशी. रोपचंच, म्हणजे लिफ्ट ओढणाऱ्या पोलादी दोरांचंच घ्या. तारा तुटून वर यायला लागल्या की रोपवर फिरवलेली चिंधी अडकते. एक रोप बदलून भागत नाही, सगळा संच एकदम बदलावा लागतो. पुलीच्या खाचा झिजल्या असतील तर तीही, नाहीतर नवे रोप लवकरच जातात. एवढ्याचं कोटेशन 50,000 ओलांडतं, आणि 26 ते 50 सदस्यांच्या सोसायटीत समितीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर तेवढाच खर्च करता येतो. मग तीन कोटेशनं, पूर्ण 5 दिवसांच्या नोटिशीची विशेष सभा, ठराव, ॲडव्हान्सचा चेक. तोवर लिफ्टला कुलूप, आणि सहाव्या मजल्यावरच्या आजी घरात अडकलेल्या. रिलेसारख्या किरकोळ भागालाही सेक्रेटरी-खजिनदारांच्या सह्या जमेपर्यंत दोन दिवस जातात. फुलमध्ये ही मंजुरी वर्षातून एकदाच घ्यायची.

फुलचीही खोड आहे. भाग कंपनीच्या खिशातून जाणार, म्हणून मेकॅनिक तो बदलण्याऐवजी घासून, वाकवून वेळ मारून नेतो. यावर उपाय करारातच करावा: तोच बिघाड 30 दिवसांत तिसऱ्यांदा आला तर भाग बदलून द्यायचा, आणि प्रत्येक फेरीची नोंद लॉगबुकात सहीसकट. शिवाय नावात ‘फुल’ असलं तरी वगळलेल्या गोष्टींची यादी असतेच. वीज गेल्यावर लिफ्ट मजल्यावर आणणाऱ्या एआरडीच्या बॅटऱ्या, केबिनचा पंखा-दिवे, बटणं, पाण्याने किंवा व्होल्टेजने जळालेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड, उंदरांनी कुरतडलेली केबल. रोपही कधी कधी गुपचूप याच यादीत बसवलेले असतात, आणि तसं असेल तर फुल घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

लिफ्ट वर्षा-दोन वर्षांत बदलायचीच असेल तर साधाच बरा. दहा-बारा वर्षांची असेल आणि वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं राहत असतील, तर मी तरी फुलच सुचवेन. आमच्याकडेही तोच आहे. 123 रुपयांत सभेची कटकट टळते, हे मला महाग वाटत नाही. इतरांचं मत वेगळं असू शकतं.

सहीपूर्वी लिफ्टचा खड्डा मात्र उघडून बघा. पावसाळ्यात तिथे पाणी साचत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या. ओल्या खड्ड्यातला बिघाड सहसा कोणत्याच करारात बसत नाही. आणि पैसे तिमाहीच्या हप्त्याने द्या. वर्षाची रक्कम एकदम हातात पडली की मेकॅनिक फोन उचलायला वेळ लावतो.