उद्यमबागेतला मिस्त्री : ओतण्याआधी गळती शोधतो

कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) दिवा लागला की बहुतेक गॅरेजात बाटली फोडतात, ओततात, दिवा विझतो, पैसे घेतात. आठवड्याने पुन्हा तेच. बेळगावात उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत, फौंड्रीच्या भिंतीला लागून एक पत्र्याचं शेड आहे. बोर्डावरची अक्षरं निम्मी उडालीत. तिथला मिस्त्री आधी विचारतो, "पाणी गेलं कुठं?" मला तो एवढ्यासाठीच पटला.

माझी जुनी डिझेल गाडी मे महिन्यात गोव्याहून चोर्ला घाट चढताना तापली. कणकुंबीच्या आसपास डॅशबोर्डवरचा लाल थर्मामीटरचा दिवा पेटला. (काही गाड्यांत सुरुवातीला निळा दिसतो, तो इंजिन गार असल्याचा, त्याला घाबरायचं कारण नाही.) एसी बंद, काचा खाली, हीटर फुल्ल. मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षाच, पण इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर पडते. तरी काटा उतरेना. कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मिस्त्रीला फोन लावला.

"टोपणाला हात लावू नका हं काका. बॉनेट उघडून ठेवा नि बसा की निवांत तासभर."

कूलंटच्या टाकीत दाब असतो म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही कूलंट उकळत नाही. टोपण सैल केलं की तेच उसळून तोंडावर येतं. गार झाल्यावर फडका धरून उघडलं. पातळी मिनच्या रेघेखाली. पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली आणि काट्यावर नजर ठेवत, जांबोटीत थांबून, उद्यमबाग गाठली.

इथे खरं काम बघायला मिळालं. टाकीच्या तोंडाला घड्याळ असलेला हातपंप लावून त्यानं टोपणावर छापलेल्या १.१ बारपर्यंत हवा भरली आणि चहा मागवला. चहा संपेतोवर काटा खाली सरकलेला. बॅटरी मारली तर खालच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडाशी गुलाबी खपली, तिथूनच पाझरत होतं. दाबाशिवाय त्या जागी थेंबही दिसत नव्हता. होज कडक झालेला, क्लिप सैल. दोन्ही बदलले. ऑईलचं टोपण उलटं करून दाखवलं : पांढरी साय नाही, म्हणजे ऑईलमध्ये पाणी शिरलेलं नाही, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) बहुतेक शाबूत.

जुनं पाणी काढलं तर गंजकट तांबूस. आधीच्या एका गॅरेजनं नळाचं पाणी भरलं होतं, आणि बिलात कूलंट लावलं होतं! यानं गुलाबी कूलंटचं कॉन्सन्ट्रेट आणि बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी निम्मं-निम्मं भरलं. हिरवं स्वस्त पडेल का विचारलं तर म्हणाला, "गुलाबीत हिरवं मिसळायचं नाही." मग हीटर चालू ठेवून रेडिएटरचा फॅन फिरून थांबेपर्यंत इंजिन चालवलं. आतली हवा निघाली तशी पातळी उतरली, ती पुन्हा भरली.

उणंही आहे. बसायला जागा नाही, फौंड्रीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, बिल म्हणजे चिठ्ठी. जेवणाच्या वेळेला फोन उचलत नाही. मजुरी मात्र शोरूमपेक्षा बरीच कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर टाकीचा फोटो काढून पाठवायला सांगतो, आणि नाही पाठवला तर स्वतः फोन करतो. रविवारी बंद.