घरट्यासाठी लाकडी पेटी की मडके?

फोंड्याच्या वहिनींनी विचारलं, परसात दयाळ पक्षी रोज येतो, त्याच्यासाठी पेटी लावू की मडके?

खर्चात मडके जिंकतं. डिचोलीच्या कुंभाराकडचं साधं मडके आडवं बांधलं की झालं, फक्त खाली येणाऱ्या बाजूला पाणी निचरायला भोक हवं. पेटीला सुताराची मजुरी द्यावी लागते.

टिकण्याची गोष्ट वेगळी. गोव्याच्या पावसात प्लायवूड फुगून पदर सुटतात, म्हणून पेटी सागवानाची किंवा फणसाचीच करा, आतून रंग-वॉर्निश नको. मडके कुजत नाही, पण माडाची झावळ पडली की संपलं. दोन्ही पागोळीच्या आत, सावलीत लावा. माडाखाली तर नकोच.

खरा फरक निरीक्षणात. मडक्यात काय चाललंय ते तोंडाशी येणाऱ्या-जाणाऱ्या पक्ष्यावरूनच ओळखायचं. पेटीला बिजागरीचं झाकण असलं तर मादी बाहेर गेल्यावर क्षणभर डोकावता येतं. दयाळाची मादी एकटीच उबवते, साधारण दोन आठवडे. त्या काळात झाकणाला हात न लावलेलाच बरा. पिल्लांना पिसं फुटल्यावरही नको, घाबरून वेळेआधी उडी मारतात. दुर्बीण घेऊन बाल्कनीत बसा, चोचीतला किडा अळी की नाकतोडा तेही कळतं.

हंगामानंतर पेटी साफ करणं सोपं, मडक्यात हात घालणं कटकटीचं.

नुसती जागा द्यायची असेल किंवा भाड्याचं घर असेल तर मडके. वर्षानुवर्षं नोंदी ठेवायच्या असतील तर पेटी. चिमणीसाठीही पेटीच, भोक 32 मिलिमीटरचं. मोठं ठेवलंत तर साळुंकी घुसते.