रंगाला भुललो आणि पुट्टी विकत घेतली (जुना पिकअप घेणाऱ्यांनी वाचा)

जुन्या पिकअपचं वेड मला फार आधीपासून, त्यातही शेवरोले ३१००, तो १९४७ ला आलेला गुबगुबीत मडगार्डवाला. कित्येक वर्षं नुसते फोटो बघण्यात गेली आणि मग एक जाहिरात दिसली, १९५० चं मॉडेल, सगळी बॉडी चेसिसवरून उतरवून रिस्टोअर केलेलं, इंजिन ओरिजिनल. कामाचे फोटोपण होते, उघडी चेसिस, काळा रंग मारलेली, एकदम नवी. मी तिथेच विरघळलो.

बघायला गेलो तर माणूस अगदी गोड. आधी हौद्यापाशी नेलं, लाकडी फळ्या पॉलिश केलेल्या, मधे स्टीलच्या पट्ट्या, त्यावर हात फिरवत बसलो मी पाच मिनिटं. आता कळतं की तो मला जिथे न्यायचं तिथेच नेत होता. बॉनेट कोमट लागलं तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं की मी यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली असणार, थंड इंजिन कसं चालू होतं, धूर किती मारतं हे मला बघूच दिलं नाही. ६ व्होल्टची सिस्टीम, स्टार्टर पायाने दाबायचा, दाबला आणि पहिल्या झटक्यात चालू. मी खूश. एक सपाट चक्कर, तीही हळू, आणि तो सारखा ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बोट दाखवत होता की बघा, हलत नाही.

हा काट्याचा मुद्दा नीट वाचा कारण मी इथेच गंडलो. या गाडीत २१६ क्यूबिक इंचाचं सहा सिलेंडरचं इंजिन. त्यात पंपाचं प्रेशर जातं मेन बेअरिंगला (ज्यावर क्रँकशाफ्ट फिरतो ती) आणि कॅमला (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा). कनेक्टिंग रॉडला, म्हणजे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या दांड्याला, नाही! रॉडच्या खाली छोटी पळी असते, ती चेंबरमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइलमध्ये बुडते आणि तेवढंच बेअरिंगला मिळतं. म्हणजे रॉडचं बेअरिंग पार गेलेलं असलं तरी काटा आपला जागेवरच. (१९५४ पासून या पिकअपला २३५ चं इंजिन आलं, त्यात रॉडलाही प्रेशरने ऑइल जातं, ते वेगळं.)

गाडी घरी आणली आणि पहिलं काम म्हणून ऑइल बदललं. जुनं ऑइल मधासारखं तार धरून पडत होतं, घट्ट करायचं काहीतरी ओतलेलं त्यात, इंजिनाचा आवाज दबावा म्हणून. साधं ऑइल भरून निघालो, ॲक्सिलरेटर जरा सोडला की खालून ठक ठक ठक. एकेक प्लगची वायर काढून बघितली, तीन नंबरची काढली की ठोका एकदम कमी, म्हणजे त्याच सिलेंडरचा रॉड वाजत होता. चेंबर खोललं तर तळाशी चांदीच्या वर्खासारखे चमकणारे तुकडे, ते सगळं व्हाइट मेटल होतं, म्हणजे बेअरिंगच. या इंजिनात ते रॉडमध्येच ओतलेलं असतं, शेल (बेअरिंगचे तयार मिळणारे तुकडे) आणून बसवले असं होत नाही, ओतून देणारा माणूस शोधण्यातच माझे महिने गेले.

बॉडीचं तर विचारू नका. धुताना केबिनच्या मागच्या कोपऱ्यात खाली रंगाला फोड दिसला, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत. पुट्टी, तिच्या मागे तारेची जाळी, जाळीच्या मागे फोम कोंबलेला. पत्रा नाहीच! साधं चुंबक फडक्यात गुंडाळून नेलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं, केबिनचे खालचे कोपरे, पायरी, दाराची खालची कड, इथे ते चिकटलं नाही तर तिथे पत्रा नाहीये, पुट्टी आहे.

आणि १९५० पण खोटं निघालं, निदान दारं तरी नंतरची. दाराला पुढे ती छोटी तिकोनी फिरणारी काच होती, या ट्रकला ती १९५१ मध्ये आली. मी तीच काच उघडून मस्त वारा खात गाडी घरी आणलेली. गाडीचा सिरियल नंबर असलेल्या प्लेटचे (मागची-पुढची नंबरप्लेट नव्हे) रिव्हेटपण नवे कोरे होते. कागदावरचा नंबर आणि प्लेटवरचा नंबर जुळला की आपण खूश होतो, पण प्लेट काढून परत लावलीय का ते कुणी बघत नाही, मीपण नाही.

फोन केला तर म्हणे तुम्ही बघून घेतलीत ना. पावतीवर "आहे त्या स्थितीत" लिहिलेलं आणि खाली माझी सही. बोललोच नाही पुढे.

नंतर एकदा रात्री त्याचे ते कामाचे फोटो मोठे करून बघत बसलो. चेसिसच्या मागे भिंतीला टेकवून उतरवलेली केबिन आहे आणि तिला मागच्या कोपऱ्यांत गोल काचा आहेत. माझ्या केबिनला त्या नाहीत. फोटोच दुसऱ्या गाडीचे. मागच्या आठवड्यात त्याची परत जाहिरात दिसली, वेगळा ट्रक, वेगळा रंग, फोटो मात्र तेच, भिंतीला टेकवलेल्या त्या केबिनसकट.