चार संध्याकाळी, न्यू मेक्सिकोच्या पाटांवर

सांगलीत विश्रामबागला एका खासगी अभ्यासवर्गाने घेतलेली चार व्याख्यानांची मालिका मी सहाशे रुपये भरून पूर्ण ऐकली. अमेरिकेचा पश्चिमेकडे विस्तार होत असताना न्यू मेक्सिकोतील स्पॅनिशभाषक खेडूत कुटुंबे कशी तगली आणि त्यांतील काही कशी भरभराटीला आली, हा विषय होता.

पहिल्या संध्याकाळी १८२१ मध्ये खुला झालेला सांता फे व्यापारमार्ग आणि मेक्सिकोशी झालेले युद्ध संपवून न्यू मेक्सिको अमेरिकेच्या ताब्यात देणारा १८४८ चा ग्वादालुपे इदाल्गोचा तह यांची माहिती झाली. ती आवश्यक होती, पण वेगळे असे तीत फारसे नव्हते. मालिकेचा खरा कस दुसऱ्या संध्याकाळी लागला. 'आसेकिया' म्हणजे गावाने मिळून खणलेला आणि दरवर्षी मिळूनच साफ केलेला पाट. त्यावर भागधारकांनी निवडलेला 'मायोर्दोमो' पाण्याची पाळी ठरवतो. व्याख्यात्यांनी त्याला सरळ 'पाटकरी' म्हटले आणि येरळाकाठच्या श्रोत्यांना पुढचे काही समजावून सांगावे लागले नाही. अमेरिकी राजवट आल्यावरही ही पद्धत मोडली नाही, उलट १८५१ आणि १८५२ च्या प्रादेशिक कायद्यांनी तिला मान्यता दिली. त्याच सुमारास उत्तरेला सरकलेल्या कुटुंबांनी कोलोरॅडोत सान लुईस वसवले आणि १८५२ मध्ये तेथे पाट काढला. त्या राज्यातील सर्वांत जुना अखंड चालू असलेला पाणीहक्क आजही याच पाटाचा आहे.

मेंढ्या वाट्याने देण्याच्या 'पार्तिदो' पद्धतीचे विवेचनही उत्तम होते. मालकाला ठरलेली कोकरे आणि लोकर द्यायची, कळपाची उरलेली वाढ मेंढपाळाची. मात्र एखादा कडक हिवाळा आला की तोच मेंढपाळ कर्जात रुतत असे, हेही व्याख्यात्यांनी लपवले नाही. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात गर्दी उसळली, तेव्हा हजारो मेंढ्या तिकडे हाकत नेऊन अनेकांनी मोठा नफा कमावला. १८७९ मध्ये रेल्वे आल्यावर पुरुष रुळांच्या आणि पुढे बीटच्या शेतांच्या मजुरीला जाऊ लागले, तर बायका गावी बागा राखत आणि घरांच्या मातीच्या भिंती लिंपत राहिल्या. हे ऐकताना गलाईसाठी, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली, तरीही गावाकडचे शेत न सोडलेली विटा-खानापूरची कुटुंबे माझ्यासमोर उभी राहिली.

माझी तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. सामाईक जमिनी गेल्या कशा, याला अखेरच्या संध्याकाळी जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली. सामाईक जमीन गावाची नव्हे, सरकारची, असे ठरवणाऱ्या १८९७ च्या सान्दोवाल खटल्याच्या निकालामुळे सान मिगेल देल वादो गावाच्या सुमारे ३ लाख १५ हजार एकरांच्या दाव्यापैकी फक्त ५ हजारांच्या आसपास एकर मान्य झाले. गायरान गेल्यावर मेंढ्या चारायच्या कुठे, हा प्रश्न मजुरीच्या वाटेशी थेट जोडलेला आहे आणि तो जोडलाच गेला नाही. पुढच्या वेळी या खटल्यांसाठी एक स्वतंत्र संध्याकाळ ठेवावी. त्यासाठी शुल्क वाढले तरी मी आनंदाने भरीन.