मिंट की फेडोरा? घरच्या मशीनपुरतं सांगतो

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात, विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं तर कोणतं? परभणीतल्या आमच्या जुन्या डेस्कटॉपवर मी लिनक्सचे दोन प्रकार वापरलेत. आधी फेडोरा, आता मिंट.

दिसायला-चालायला फेडोरा उजवं, हे कबूल. लॅपटॉप अगदी नवा असेल तर फेडोराचा ताजा कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्याचं वायफाय बहुधा ओळखतो; मिंट उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या एलटीएसवर, म्हणजे लांब सपोर्टच्या आवृत्तीवर उभं, तिथं कधी कधी वाट पाहावी लागते. व्हिडिओसाठी फेडोरात आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा सॉफ्टवेअरसाठा जोडायचा उपद्व्याप आहे, मिंटमध्ये इन्स्टॉल करतानाच कोडेकवर (व्हिडिओ चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) टिक केली की झालं. पण हे एकदाच करायचं काम, त्यावरून मी भांडणार नाही.

माझं बिनसलं ते अपग्रेडवरून. फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि एकीला सपोर्ट साधारण १३ महिने. म्हणजे मधली एक गाळली तरी वर्षाकाठी मोठं अपग्रेड ठरलेलं. आमच्याकडं मोबाइलचं हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी. दोन रात्री मोबाइल खिडकीत ठेवून पॅकेजेस उतरवली. ऐन मे महिन्यात रीस्टार्ट करून अपग्रेड लावलं, ६० टक्क्यांवर गेलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त दोन पंखे अन् एक बल्ब. यूपीएसनं मिनिटभर टीं-टीं केलं आणि मान टाकली. लाइट आल्यावर बघतो तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि मागून आई, "अरे, सातबारा काढणार होतास ना?"

यात फेडोराचा काय दोष? अशा वेळी मिंटही अडकलं असतं. पण मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, त्यामुळं हा जुगार दरवर्षी खेळावा लागत नाही. शिवाय टाइमशिफ्ट हे सिस्टिम मागं नेणारं साधन सोबतच येतं. अपडेटआधी स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या वेळची प्रत, घ्यायचा. बिघडलंच तर पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून मागं जायचं. (आपले फोटो-कागद त्यात धरलेले नसतात, त्यांची कॉपी वेगळी ठेवा.) गेल्या श्रावणात एकदा तशी वेळ आली, स्वयंपाक होईपर्यंत मशीन जागेवर.

फायबर असेल, यूपीएस धड असेल आणि नवं काही आलं की हात शिवशिवत असतील, तर फेडोरा जरूर टाका. आमचा धाकटा पुण्यात तेच वापरतो. सुट्टीत आला की घरच्या मशीनवरही टाकू म्हणतो. आई हात लावू देत नाही.