एएसबी (अँटीसोशल बिहेवियर, म्हणजे आसपासच्यांना त्रास देणारं वागणं) केस रिव्ह्यू : इंग्लंडमध्ये राहत असाल तर ही सोय माहीत असू द्या

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढे सांगते.

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात रोज रात्री पोरांचं टोळकं बसायचं. गांजाचा वास, स्पीकरवर गाणी, येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी बोलायचं, लेटरबॉक्समधून कचरा आत ढकलायचा. तळमजल्यावरच्या आजी दाराला आतून खुर्ची लावून झोपायच्या, ती खुर्ची मी स्वतः बघितलीये. आम्ही १०१ वर (तातडीचं नसेल तेव्हाचा पोलिसांचा नंबर) फोन केले, कौन्सिलला (इथली नगरपालिका) ईमेल केले, हाउसिंगवाल्यांकडे (बिल्डिंगची घरं भाड्याने देणारी संस्था) गेलो, सगळ्यांनी रेफरन्स नंबर दिले आणि पोलीस म्हणे हाउसिंगला सांगा, हाउसिंग म्हणे पोलिसांना सांगा, असे पाच महिने गेले.

मग लायब्ररीत भेटणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की केस रिव्ह्यू माग. याला आधी कम्युनिटी ट्रिगर म्हणायचे, २०१४ च्या कायद्यात आला. लोक अजून एएसबीओ एएसबीओ (असं वागणाऱ्यावर कोर्टाने घातलेली बंदी) करतात पण इंग्लंड आणि वेल्समध्ये ते त्याच कायद्याने गेलं. साधारण ६ महिन्यांत ३ तक्रारी झाल्या असतील तर पोलीस, कौन्सिल, आरोग्य खातं आणि हाउसिंग यांना एकत्र बसून तुमची केस बघावीच लागते. ३ पेक्षा जास्त तक्रारींची अट कुठलीच कौन्सिल घालू शकत नाही, फक्त प्रत्येक प्रकार साधारणपणे घडल्यापासून महिन्याभरात कळवलेला हवा. पैसे लागत नाहीत आणि संमती घेऊन दुसऱ्यासाठीही अर्ज करता येतो, आजींचा मीच केला.

वही ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. "रात्री ११:४०, चौघं, आजींच्या दारावर लाथा, १०१ ला फोन, रेफरन्स नंबर" एवढंच, पण रोज आणि त्याच रात्री. मीटिंगमध्ये माझ्या वहीची झेरॉक्स सगळ्यांसमोर होती आणि तिथे जे बाहेर आलं त्याने मला रडू आलं. खालच्या मेन दाराचं लॉक कधीचं तुटलंय हे हाउसिंगला माहीत होतं आणि पोरं कोण आहेत हे पोलिसांना माहीत होतं, पण एकमेकांना कुणी विचारलंच नव्हतं! त्याच आठवड्यात लॉक बसलं. १६ च्या वरच्या दोघांना लेखी वॉर्निंग गेली, ती मोडली तर कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस (त्रास थांबवा असा अधिकृत हुकूम) आणि तीही मोडली तर कोर्टात २५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. धाकट्या दोघांच्या आईवडिलांना बोलावून वागणुकीचा करार लिहून घेतला आणि एक यूथ वर्कर त्यांना भेटायला लागला, मला हे जास्त पटलं कारण ती पोरंही आपल्याच गल्लीतली आहेत, त्यांना नुसतं हाकललं तर ती दुसऱ्या जिन्यात जाऊन बसणार.

असं तुकड्यातुकड्यात बघितल्याने काय होतं ते या देशाने भोगलंय. २००७ मध्ये लेस्टरशायरमध्ये वर्षानुवर्षं पोरांचा छळ सोसलेल्या एका आईने आपल्या अपंग मुलीसह आयुष्य संपवलं, त्याआधी १० वर्षांत त्या घरातून पोलिसांना ३३ वेळा कळवलं होतं आणि बऱ्याचदा प्रत्येक तक्रार सुटी सुटी बघितली गेली. म्हणून म्हणते, एकाच टेबलावर बसणं ही छोटी गोष्ट नाही.

आता स्टार कापायचं कारण. पाच महिन्यांत मी इतक्या लोकांशी बोलले, एकानेही ही सोय आहे असं सांगितलं नाही. आजींसारखं एकटं आणि इंग्रजी जेमतेम येणारं माणूस हे कसं शोधणार? शिवाय रिव्ह्यूच्या मीटिंगमधली मंडळी शिफारशी करतात, सक्ती करू शकत नाहीत, त्यामुळे नंतरही फोन करून मागे लागावं लागतं, जिन्यात कॅमेरा बसवायचं तर अजून चालूच आहे.

अर्ज नाकारला किंवा निकाल पटला नाही तर त्याच्यावर परत दाद मागता येते, तशी सोय कायद्यातच आहे, ते निर्णयाच्या पत्रात बारीक अक्षरात असतं तेवढं नीट वाचा.